लाउरी रापाला

लाउरी रापाला (जन्म : २७ नोव्हेंबर १९०५, सिस्मा, फिनलंड; मृत्यू : २० ऑक्टोबर १९७४) हे फिनलंडमधील मच्छीमार, कारागीर आणि पुढे उद्योजक म्हणून प्रसिद्धीस आलेले गृहस्थ होते. गळाने मासे धरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम आमिषाला त्यांनी जखमी माशासारखी डुलती चाल दिली. चाकूने कोरलेल्या बुचाच्या एका तुकड्यापासून सुरू झालेले हे काम त्यांच्या हयातीतच जगभर पोहोचले. रापाला हे नाव आज माणसापेक्षा वस्तूचे नाव म्हणून अधिक ओळखले जाते.

कृत्रिम आमिष ही रापाला यांची कल्पना नव्हे. धातूच्या चमच्याच्या आकाराचे आमिष अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विकले जात होते. लाकडी माशाच्या पुढच्या टोकाला पत्र्याची जीभ लावण्याची युक्तीही तेथील कारखान्यांना विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत ठाऊक झाली होती. रापाला यांचे श्रेय वेगळे आहे. निरोगी मासा कसा पोहतो याची नक्कल त्यांनी केली नाही. दुबळा, तोल गेलेला मासा कसा पोहतो याची केली. ती चाल नेमकी साधेपर्यंत ते आमिषाच्या आकारात, वजनात, गळांत आणि कडीत बदल करत राहिले.

बालपण आणि आडनाव

रापाला यांचा जन्म झाला तेव्हा फिनलंड स्वतंत्र नव्हता; तो रशियन साम्राज्यातील एक संस्थान होता. देशाला स्वातंत्र्य मिळाले ते ६ डिसेंबर १९१७ रोजी, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच यादवी युद्ध पेटले. लाउरी तेव्हा बारा वर्षांचे होते. घरची परिस्थिती गरिबीची होती आणि आई मारी यांनाच त्यांचे संगोपन करावे लागले.

लाउरी सुमारे सात वर्षांचे असताना मायलेक सिस्मा सोडून जवळच्या आसिक्काला परगण्यात राहावयास गेले. तेथील चर्चच्या नोंदवहीत नाव घालताना धर्मगुरूला त्यांचे आडनाव आठवले नाही. म्हणून त्याने ज्या गावातून ही माणसे आली त्या रापाला गावाचेच नाव आडनाव म्हणून लिहून टाकले, अशी हकिकत सांगितली जाते. फिनिश भाषेत रापा म्हणजे चिखल आणि ला हा स्थानवाचक प्रत्यय; तेव्हा या आडनावाचा अर्थ चिखलाची जागा असा काहीसा होतो. गावावरून आडनाव पडण्यात मराठी वाचकाला नवल वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडील कर लागलेली असंख्य आडनावे अशीच घडली आहेत. मात्र येथे ते एका नोंदणी करणाऱ्याच्या विस्मरणातून घडले, आणि पुढे तेच नाव लक्षावधी खोक्यांवर छापले गेले.

पायॅन्ने सरोवर

आसिक्काला परगणा पायॅन्ने सरोवराच्या दक्षिण टोकाशी आहे. सुमारे १२० किलोमीटर लांबीचे हे सरोवर फिनलंडमधील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे आणि सर्वांत खोल सरोवर होय; त्याची कमाल खोली ९५ मीटर आहे. पाणी थंड व स्वच्छ, तळ खडकाळ, मध्ये शेकडो बेटे. पाइक, पर्च आणि ट्राउट हे येथील शिकारी मासे. लहान चंदेरी माशांच्या थव्यांवर ते जगतात. हिवाळ्यात सरोवर गोठते आणि कित्येक महिने होडी चालत नाही.

लाउरी यांनी १९२८ साली एल्मा लेप्पानेन यांच्याशी विवाह केला. काल्किनेन भागातील रीहिलाहती येथे त्यांचा संसार सुरू झाला आणि मुलेबाळे वाढली. हिवाळ्यात जंगलतोडीवर वा शेतावर मजुरी आणि बर्फ वितळल्यावर मासेमारी, असे उदरनिर्वाहाचे चक्र होते. त्यातच १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने लाकडाचा व्यापार खाली आणला. लाकडावर जगणाऱ्या फिनलंडसारख्या देशात त्याची झळ मजुरांना सर्वांत आधी लागली. रापाला यांच्या प्रयोगांकडे हौस म्हणून पाहणे त्यामुळे चुकीचे ठरेल. दिवसाकाठी किती मासे होडीत येतात यावर घरातील चूल अवलंबून होती.

ते जाळी लावत आणि लांब दोरीवर ओळीने गळ बांधून पाण्यात सोडत. या पद्धतीत गळ एकदा लावून भागत नाही. प्रत्येक गळाला लहान मासा टोचावा लागतो, त्यासाठी आधी ते लहान मासे पकडावे लागतात; शिकारी माशाने आमिष ओरबाडून नेले वा ते मेले की पुन्हा नवे लावावे लागते. निम्मा दिवस मासे धरण्यात जाई आणि निम्मा आमिषाच्या खटपटीत. कधी खराब न होणारे आणि पुन:पुन्हा वापरता येणारे आमिष मिळाले, तर तेवढा वेळ वाचणार होता. रापाला यांच्या शोधामागची पहिली प्रेरणा ही एवढी साधी होती.

निरीक्षण

होडी वल्हवताना रापाला पाण्यात पाहत राहत. लहान माशांचा थवा जात असताना खालून पाइक वा ट्राउट येई आणि थव्यात घुसे. शेकडो मासे समोर असताना तो कोणालाही धरत नसे. एखादा मासा किंचित तिरपा, डुलत, थव्याच्या लयीपासून सुटा पोहत असेल, तर शिकारी नेमका त्याच्यावर झेपावे. एकसारख्या हालचाली करणाऱ्या थव्यात एकावर नजर ठरवणे शिकाऱ्याला अवघड जाते. वेगळा दिसणारा मासा नजरेत भरतो आणि दुबळा असल्याने त्याला धरण्याचे कष्टही कमी पडतात. पुढे प्राणिशास्त्रज्ञांनी या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास केला. रापाला यांनी ती होडीच्या काठावरून पाहिली होती.

डोळ्यांखेरीज माशाला आणखी एक ज्ञानेंद्रिय असते. शरीराच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पार्श्वरेषेने त्याला पाण्यातील कंपने जाणवतात. जखमी मासा पोहताना पाणी वेगळ्या तालात हलवतो, आणि गढूळ पाण्यात वा अंधारातही तो ताल शिकाऱ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून आमिष केवळ माशासारखे दिसून चालत नाही, ते माशासारखे हलावे लागते. त्या काळातील बरीच आमिषे रंगरूपाने आकर्षक असत, पण ओढली की काठीसारखी सरळ येत किंवा भिंगरीसारखी फिरत.

१९३६ चे पहिले आमिष

पहिले समाधानकारक आमिष रापाला यांनी १९३६ साली तयार केले. चांभाराच्या चाकूने बुचाचा तुकडा कोरून त्यांनी त्याला सडपातळ माशाचा आकार दिला आणि सँडपेपरने तो गुळगुळीत केला. चंदेरी-सोनेरी खवल्यांची चकाकी आणण्यासाठी वर चॉकलेटच्या वेष्टनातील वर्ख चिकटवला. वर्ख टिकावा म्हणून त्यावर लाखेचा थर हवा होता, पण लाख विकत घेणे परवडण्यासारखे नव्हते. त्यांनी छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून तो लेप वर दिला. पाठ काळी, बाजू सोनेरी आणि पोट पांढरे असे या पहिल्या आमिषाचे रूप होते.

ही सामग्री पाहिली की दारिद्र्यातून उपजलेल्या कल्पकतेचे कौतुक करण्याचा मोह होतो. परंतु खरे काम दिसत नाही अशा ठिकाणी होते. एक आमिष कोरायचे, होडीमागे ओढून पाहायचे, चाल मनासारखी नसेल तर पोट थोडे तासायचे, जिभेचा कोन बदलायचा, गळ जरा मागे-पुढे करायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचे, असा हा क्रम होता. त्यात अनेक तुकडे वाया गेले.

चालीचे तंत्र

रापाला यांच्या आमिषाची रचना समजून घेतल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल ध्यानात येत नाही, म्हणून येथे ती थोडी विस्ताराने दिली आहे.

आमिषाच्या नाकाखाली पुढे झुकलेली एक लहान चपटी जीभ असते. दोरा ओढला की पाण्याचा दाब जिभेवर पडतो आणि नाक खाली जाते. त्याच वेळी जिभेच्या कडांवरून पाणी आळीपाळीने डावीकडून आणि उजवीकडून निसटते व दर वेळी आमिषाला उलट बाजूस ढकलते. हलके लाकूड त्याला वर उचलू पाहते, पोटाखालचे गळ खाली खेचतात. या ओढाताणीत आमिष एका बाजूला कलते, सावरते, दुसऱ्या बाजूला कलते. दुरून पाहणाऱ्याला मासा धडपडत पुढे चालला आहे असे वाटते.

येथे द्रव्याचा प्रश्न येतो. लाकूड जितके हलके, तितके ते पाण्याच्या लहानशा धक्क्याला चटकन प्रतिसाद देते. जड लाकडाचे आमिष संथ ओढीत निर्जीव होते. बूच हलके खरे, पण ते भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून येई; युद्धकाळात ते दुर्मिळ झाले तेव्हा रापाला यांनी पाइन वृक्षाची जाड साल वापरली. पुढे दक्षिण अमेरिकेतील बाल्सा हे अतिशय हलके लाकूड मिळू लागले आणि तेच या आमिषाचे कायमचे द्रव्य ठरले. बाल्साचा दोष असा की ते ठिसूळ असते आणि प्रत्येक तुकड्याची घनता थोडी निराळी असते. दोन आमिषे एकाच साच्यावर कोरली तरी पाण्यात एकसारखी पोहतीलच असे नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक नगाची पाण्यात परीक्षा. आमिष ओढताना ते डावीकडे सरकत असेल तर नाकावरची तारेची कडी चिमट्याने किंचित उजवीकडे वाकवायची. उजवीकडे सरकत असेल तर डावीकडे. वाकवणे केसभराचेच असते, कारण जास्त झाले तर आमिष उलट बाजूस पळते, आणि कडी वारंवार हलवली तर लाकडात सैल होते. विक्रीस जाणारे प्रत्येक आमिष पाण्यात ओढून व कडी जुळवून मगच खोक्यात भरण्याची रीत रापाला यांनी घरच्या कामापासूनच घालून दिली. सुरुवातीला ही परीक्षा सरोवरात होत असे, नंतर पाण्याच्या हौदात.

गळांचा भाग बहुतेक नवशिके दुर्लक्षितात. पोटाखाली व शेपटीकडे लावलेले तिहेरी गळ मासा अडकवण्याखेरीज दुसरेही काम करतात. ते आमिषाचे भारवजन असतात. पुढचा गळ एका मापाने मोठा घातला तर आमिष सावकाश वर येते आणि चाल मंदावते. फारच लहान घातला तर जोरात ओढताना आमिष कुशीवर लोळते. गळाच्या दांड्याभोवती शिशाची बारीक तार गुंडाळून तरंगणारे आमिष पाण्याच्या मध्यावर स्थिर ठेवता येते; थंड पाण्यात मासे सुस्तावलेले असताना असे थांबलेले आमिष अधिक उपयोगी पडते. पकडलेला मासा सोडून द्यावयाचा असेल तर तिहेरी गळांच्या जागी एकेरी गळ लावतात किंवा गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकतात. मात्र तसे करताना कमी झालेले वजन भरून काढावे लागते, नाहीतर आमिषाचा तोल बिघडतो. गळाची धार हाही साधा पण महत्त्वाचा मुद्दा आहे. खडकावर घासून बोथट झालेला गळ कानशीने परजला नाही, तर उत्तम चालीचे आमिषही मासा तोंडात घेऊन थुंकून टाकतो.

दोऱ्याची गाठ हा शेवटचा बारकावा. दोरा कडीवर आवळून बांधला तर नाक जखडले जाते आणि डुलणे निम्मे होते. म्हणून कडीभोवती सैल फास राहील अशी गाठ मारावी लागते. ती आज जगभर रापाला गाठ या नावानेच ओळखली जाते.

युद्धकाळ

१९३८ च्या सुमारास रापाला यांची आमिषे आसपासच्या मच्छीमारांना विकली जाऊ लागली. नव्या वस्तूची कीर्ती पसरण्यास वेळ लागला नाही, कारण तिचा पुरावा रोज संध्याकाळी होडीत दिसे. एका दिवसात ६०० पौंड मासे धरल्याची गोष्ट त्यांच्याविषयी सांगितली जाते. मच्छीमारांच्या आकड्यांत थोडी भर पडलेली असतेच हे धरून चालले, तरी पंचक्रोशीतील इतरांपेक्षा त्यांना पुष्कळ जास्त मासे मिळत याविषयी मतभेद नाही.

नोव्हेंबर १९३९ मध्ये सोव्हिएत संघाने फिनलंडवर आक्रमण केले. मार्च १९४० पर्यंत चाललेले हिवाळी युद्ध आणि त्यानंतर १९४१ ते १९४४ चे दुसरे युद्ध यांत देशातील बहुतेक धडधाकट पुरुष ओढले गेले. याच काळातील एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. आघाडीवर सोबतचे सैनिक पाण्यात सुरुंग उडवून मासे मारण्याच्या विचारात होते. रापाला यांनी आपल्या आमिषाने तेवढेच मासे धरून देण्याची पैज घेतली आणि ती जिंकली. कागदोपत्री पुरावा नसलेली ही गोष्ट आहे. पण सुरुंगाने मेलेले बरेचसे मासे तळाशी जातात आणि हाती लागत नाहीत, हे लक्षात घेतले तर ती अगदीच अशक्य वाटत नाही.

युद्ध संपल्यावर वस्तूंची टंचाई राहिली, पण माशांना मागणी होती. घरातच कारखाना उभा राहिला. मुले मोठी होत होती तशी कामाला लागली. कोरणे, घासणे, वर्ख लावणे, रंगवणे, तारा वाकवणे ही कामे वाटली गेली. आमिषाच्या पोटातून आरपार जाणारी एकच तार नाकाच्या कडीपासून शेपटीच्या गळापर्यंत नेलेली असे, म्हणजे माशाने लाकूड चावून फोडले तरी मासा सुटत नसे. हळूहळू लाकूड कोरण्याची यंत्रे आली. पाण्यातील परीक्षा मात्र माणसाच्या हातीच राहिली.

समुद्रापार

१९५२ च्या उन्हाळ्यात हेलसिंकी येथे ऑलिंपिक स्पर्धा झाल्या. परदेशांतून आलेल्या पाहुण्यांपैकी काहींनी परतताना ही आमिषे बरोबर नेली. स्वीडन व नॉर्वे या शेजारी देशांत त्यांची विक्री त्याच दशकात वाढली. अमेरिकेत, विशेषतः मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, फिनिश वंशाची वस्ती बरीच आहे. नातेवाइकांच्या पाकिटांतून आमिषे तेथेही पोहोचत होती.

१९५९ साली मिनिॲपोलिस येथील रॉन वेबर हे मासेमारीच्या साहित्याचे विक्रेते कॅनडात गळ टाकण्यास गेले असताना त्यांनी हे फिनिश आमिष पाहिले. स्वतःच्या उत्तमोत्तम साहित्याला मासे लागत नसताना शेजारी या साध्या लाकडी आमिषाने मासे काढत होते. वेबर यांनी साहित्याचे दुकान चालवणाऱ्या रे ऑस्ट्रम यांना भागीदार केले आणि दोघांनी फिनलंडशी पत्रव्यवहार सुरू केला. त्यांची कंपनी पुढे नॉर्मार्क या नावाने प्रसिद्ध झाली. एका बाजूस सरोवराकाठचे घर, दुसऱ्या बाजूस अमेरिकी बाजारपेठ आणि मध्ये भाषेची भिंत असा हा व्यवहार होता. तो टिकला याचे श्रेय दोन्ही पक्षांच्या सचोटीला द्यावे लागेल.

१७ ऑगस्ट १९६२ च्या लाइफ या अमेरिकी साप्ताहिकात रापाला आमिषावर लेख आला. तो अंक अभूतपूर्व खपला, पण त्याचे कारण मासे नव्हते. त्याच महिन्याच्या प्रारंभी अभिनेत्री मॅरिलिन मन्रो हिचा मृत्यू झाला होता आणि अंकाच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र होते. तिच्याविषयी वाचण्यासाठी घेतलेला अंक चाळताना असंख्य घरांतील माणसांच्या नजरेस हा लेख पडला. मागणीच्या पत्रांची पोती नॉर्मार्कच्या दारात येऊन पडली. सुमारे ३० लाख नगांची मागणी आल्याचे सांगतात. तेवढे पुरवणे त्या घरगुती कारखान्याच्या आवाक्याबाहेरचे होते. टंचाई इतकी झाली की काही ठिकाणी आमिष अनामत रक्कम घेऊन दिवसाच्या भाड्याने दिले जाऊ लागले. हरवले तर अनामत जप्त.

मागणी आणि हात

या क्षणी रापाला कुटुंबापुढे जो प्रश्न उभा राहिला, तो त्यांच्या चरित्रातील सर्वांत कठीण म्हणावा लागेल. लाखो नग हवे असताना एकेक आमिष हौदात ओढून कडी वाकवत बसणे व्यापारी दृष्टीने वेडेपणाचे दिसत होते. प्लॅस्टिकच्या साच्यातून हुबेहूब आमिषे पाडणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते, आणि अमेरिकेतील व इतर ठिकाणचे नक्कल करणारे तेच करू लागले होते. दिसण्यात ती सारखी होती. पाण्यात ती जड वाटत.

कुटुंबाने बाल्सा सोडले नाही आणि परीक्षाही सोडली नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी आसिक्कालातील व्हॅक्सी येथे नवा कारखाना उभा राहिला. व्हॅक्सी हे पायॅन्ने आणि वेसियॅर्वी या दोन सरोवरांना जोडणाऱ्या, १८७१ साली खुल्या झालेल्या कालव्याकाठचे गाव. कोरण्याचे काम यंत्रांकडे गेले, रंगकामाचे पुष्कळसे यंत्रांकडे गेले. पण हौदाशेजारी बसून आमिष ओढणारी, चिमट्याने कडी जुळवणारी माणसे तेथे होती. यामुळे माल उशिरा मिळाला, काही ग्राहक नकली वस्तूंकडे गेले. मात्र जे आमिष खोक्यातून बाहेर काढताच नीट पोहते त्याच्यावर लोकांचा विश्वास बसला, आणि पुढील वाढ या विश्वासावर झाली.

१९६५ साली बुडणारे आमिष बाजारात आले. ते साधारण सेकंदाला एक फूट या वेगाने खाली जाते. पाण्यात टाकल्यावर आकडे मोजत राहायचे आणि हव्या त्या खोलीला ओढण्यास सुरुवात करायची, इतकी सोपी कल्पना. मूळ तरंगणाऱ्या आमिषाच्या रचनेत वजनाची भर घालूनही डुलणे कायम राखणे हे त्यातील अवघड काम होते. दोन तुकडे सांध्याने जोडलेले आमिष, बर्फाला भोक पाडून खाली सोडायचे आमिष असे इतर प्रकारही याच काळातले.

अखेरचा काळ

वयाच्या साठीनंतर कारभाराचा भार मुलांनी उचलला. परदेशी भाषा लाउरी यांना येत नव्हत्या. ज्या देशांत त्यांचे नाव घरोघरी पोहोचले होते त्या देशांतील बहुतेकांना ते माणसाचे नाव आहे हेही ठाऊक नव्हते. २० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात बाल्साचेच रुंद व आखूड बांध्याचे शॅड रॅप हे आमिष १९८२ साली आले, तेव्हा १९६२ सारखीच टंचाई पुन्हा एकदा अनुभवास आली आणि भाड्याने देण्याचा प्रकारही पुन्हा घडला. कालांतराने कंपनी कुटुंबाच्या हातून गेली. १९९८ साली तिचे समभाग हेलसिंकीच्या बाजारात नोंदवले गेले. २००० साली गळ बनवणारी व्हीएमसी ही फ्रेंच कंपनी तिने विकत घेतली. आमिष बनवणाऱ्याने गळ बनवणाऱ्याला आपल्यात सामावून घ्यावे हे लाउरी यांच्या कामाशी सुसंगतच होते, कारण गळाचे वजन आणि आमिषाची चाल या दोन गोष्टी त्यांनी कधी वेगळ्या मानल्या नव्हत्या.

कंपनीच्या सांगण्यानुसार तिची उत्पादने १४० हून अधिक देशांत विकली जातात. भारतात हिमालयातील नद्यांवर महसीर माशासाठी आणि अंदमानच्या समुद्रात मोठ्या माशांसाठी ती वापरली जातात. कोकण व गोव्यातील खाड्यांत जिताडा व तांबोशी यांच्या मागे असलेल्या हौशी मंडळींच्या पेटीतही ती आढळतात. खाऱ्या पाण्यात मूळचे गळ लवकर गंजतात आणि जिताड्यासारखा दांडगा मासा बारीक गळ सरळ करून टाकतो, म्हणून हे लोक अधिक जाड, गंजरोधक गळ बसवतात. वजन वाढल्याने चाल बदलते. मग उथळ पाण्यात आमिष ओढून पाहणे, चिमट्याने कडी किंचित हलवणे आणि पुन्हा ओढून पाहणे हा क्रम त्यांनाही करावा लागतो.